एकच मंत्रसूची, दोन जादूगार

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काही ठिकाणी कमी केली आहे.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मालिकेत हा संगणकावरचा खेळ कुठून आला? मी म्हटलं, ऐकून घ्या, मग ठरवा. निवड म्हणजे काय, यावर आपण या मालिकेत बरंच बोललो. ॲरिस्टॉटल झाला, कांट झाला. पण आज लाखो माणसं रोज रात्री बसून एक निवड करतात, तिच्यावर तावातावानं वाद घालतात, आणि त्या निवडीची रचना कोणीतरी नियम लिहून मुद्दाम घडवलेली असते. आयुष्यातल्या निवडी अशा स्वच्छ मिळत नाहीत. म्हणून आज एका खेळाची समीक्षा. कादंबरीची करतो तशीच.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन'. टर्बाइन या अमेरिकन कंपनीनं तो २००६ साली आणला. त्याचं मूळ टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये, म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या खेळात. ऑनलाइन रूपात तुम्ही स्टॉर्मरीच नावाच्या एका बंदरात एक पात्र घेऊन उतरता, जास्तीत जास्त सहा जणांची टोळी करता, आणि भुयारांत, पडक्या मंदिरांत जाता. सोबतचे पाच जण कुठल्याही देशातले असू शकतात. मी स्वतः हा खेळ खेळतो. संथ खेळतो, सोबतचे वैतागतात, पण खेळतो. (हशा)

तर सुरुवातीलाच पात्राचा क्लास निवडायचा असतो. लढवय्या, चोर, पुरोहित वगैरे. यात दोन क्लास असे आहेत की नवख्याला कळतच नाही, दोन कशाला ठेवलेत. एक विझर्ड, दुसरा सॉर्सरर. मराठीत दोघांनाही आपण जादूगारच म्हणणार. 'मांत्रिक' म्हणावं तर डोळ्यासमोर लिंबू-मिरची येते. तेव्हा मी मूळ नावंच ठेवतो. दोघंही चिलखत घालत नाहीत, दोघंही सुरुवातीला एका फटक्यात मरतात, दोघंही पुढे आगीचे गोळे फेकतात. आणि मुख्य गोष्ट, दोघांची मंत्रसूची जवळपास एकच. ज्या नियमपुस्तकावर हा खेळ उभा आहे, त्या तिसऱ्या आवृत्तीत तर दोघांसाठी एकच यादी छापलेली आहे, मथळा 'सॉर्सरर/विझर्ड'. मध्ये फक्त एक तिरकी रेघ.

लायब्नित्झ सांगतो, की ज्या दोन गोष्टींचे सगळेच गुणधर्म सारखे, त्या दोन नसतातच, एकच असते. म्हणजे यादी एक असेल, तर फरक यादीत नाही. तो त्या यादीशी असलेल्या नात्यात शोधायला हवा.

गोष्टीच्या अंगानं फरक असा सांगतात: विझर्ड अभ्यासानं जादू शिकतो, सॉर्सररच्या ती रक्तातच असते. विझर्ड पोथीवाला. सॉर्सरर उपजत, कोणी म्हणतं त्याच्या पूर्वजांत ड्रॅगन होता. विझर्डचा गुण बुद्धी, सॉर्सररचा व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. आपल्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. एक घोकणारा, एक प्रतिभावंत. शाळेपासून आपण माणसांची हीच वाटणी करत आलोय.

आता नियम काय सांगतात ते बघा, कारण माझी तक्रार इथेच आहे. विझर्डकडे पोथी असते. वाटेत मंत्राची गुंडाळी सापडली की तो ती पोथीत उतरवून घेतो, आणि यावर मर्यादा नाही. त्यातले काही मंत्र तो तयार ठेवतो आणि तेच वापरू शकतो. पण टॅव्हर्नमध्ये (गुत्ता म्हणा हवं तर, इथे मात्र लोक त्यात बसून पोथी वाचतात) किंवा भुयारातल्या विश्रांतीच्या श्राइनपाशी तो ते बदलू शकतो. सॉर्सररला पोथी नाही. पातळी वाढली की त्याला एखाद-दुसरा मंत्र निवडता येतो, आणि तो त्याच्याजवळ राहतो. ऑनलाइन खेळात काही दिवसांतून एकदा, पैसे मोजून, एखादा मंत्र बदलता येतो. बस.

टेबलावरच्या नियमांचे आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. विसाव्या पातळीला पोचलेल्या सॉर्सररला पहिल्या ते नवव्या श्रेणीचे मिळून ३४ मंत्र येतात. जन्मभरात चौतीस. विझर्डला पातळीबरोबर फुकट मिळणारे मंत्र मोजले तर किमान ४१, शिवाय बुद्धीप्रमाणे थोडे अधिक. म्हणजे फुकटात फार फरक नाही! खरा फरक पडतो तो उतरवून घेतलेल्या गुंडाळ्यांनी. पोथीत भर न घालणारा विझर्ड म्हणजे नुसता मंद सॉर्सरर. असे विझर्ड पुष्कळ भेटतात.

सहाव्या पातळीचा सॉर्सरर घ्या. पुस्तकाप्रमाणे त्याला तिसऱ्या श्रेणीचा एकच मंत्र निवडता येतो. एकच! आणि तिसऱ्या श्रेणीतच सगळी गर्दी आहे. फायरबॉल तिथे, म्हणजे खोलीभर आग. हेस्ट तिथे, म्हणजे टोळीतल्या सगळ्यांचा वेग वाढणार. डिस्प्लेसमेंट तिथे, शत्रूचे वार हुकवणारा. वॉटर ब्रीदिंग तिथे, पाण्याखाली श्वास घेण्याचा. विझर्ड एक पातळी आधीच, पाचव्याला, या श्रेणीत पोचलेला असतो आणि चारही मंत्र पोथीत ठेवून हवा तो काढतो. सॉर्सररनं काय करायचं? त्याला आधीच विचार करावा लागतो: पुढचे कित्येक दिवस मी कुणाबरोबर, कुठल्या भुयारात, कसला माणूस म्हणून वावरणार आहे? फायरबॉल घेतला तर सोबत्यांना वेग मिळणार नाही. हेस्ट घेतला तर सगळे आपल्यावर खूश, पण शत्रू मारण्याचं श्रेय दुसऱ्यांचं.

म्हणजे झालं काय? ज्याला गोष्टीत उपजत, उत्स्फूर्त म्हटलंय, त्यालाच सगळ्यांत लांबचं नियोजन करावं लागतं. आणि ज्याला घोकंपट्टीवाला म्हटलंय, तो खुशाल चुकू शकतो. आज एक मंत्र लावला, नाही चालला, पुढच्या श्राइनपाशी दुसरा लावला. प्रयोग करण्याची मुभा पंडिताला, आणि शिस्त उपजत प्रतिभेला. नियमांनी गोष्टीला साफ उलटं केलं आहे. मला हा या रचनेतला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो, आणि बहुतेक खेळाडूंच्या तो लक्षात येत नाही, कारण ते नावं आणि चित्रं बघून निवडतात. 'मला फार विचार करायचा नाही, मी सॉर्सरर घेतो' असं म्हणणारा माणूस तीन आठवड्यांनी हताश होऊन बसलेला असतो.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ऑनलाइन खेळात काय बिघडलं ते कळणार नाही.

मूळ खेळात सॉर्सरर नव्हताच. एकच जादूगार होता. त्याची जादू गायगॅक्सनं घेतली जॅक व्हान्स या लेखकाकडून, त्याच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० सालच्या पुस्तकातून. तिथली कल्पना अशी, की जादूगार मंत्र डोक्यात ठासून भरतो, आणि एकदा उच्चारला की मंत्र डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा पाठ करा. आपल्याला हे किती परकं आहे बघा. आपल्याकडे मंत्र जपानं सिद्ध होतो, म्हटल्यानं संपत नाही. पाठांतर वापरल्यानं पक्कं होतं, असंच आपण मानतो. व्हान्सच्या जगात विद्या म्हणजे बंदुकीतली गोळी. तर या नियमामुळे जादूगाराला सकाळीच ठरवावं लागे, की आज फायरबॉल दोनदा लागेल की तीनदा. चुकला की दिवस वाया.

२००० साली तिसरी आवृत्ती आली, आणि तिच्यात या अडचणीवर उत्तर म्हणून सॉर्सरर आला. त्याला मंत्र थोडे येणार, पण आलेला कुठलाही मंत्र तो त्या श्रेणीतला दिवसाचा कोटा संपेपर्यंत कितीदाही म्हणू शकणार. आधी मोजून ठेवायला नको. कोटाही मोठा. दोघं वरच्या पातळीला पोचले की दर श्रेणीला विझर्डला चार, तर सॉर्सररला सहा, बुद्धीचे किंवा प्रभावाचे जादा वेगळे. म्हणजे विझर्डकडे रुंदी, सॉर्सररकडे लवचीकता. प्रत्येकाकडे दुसऱ्याला नसलेलं काहीतरी होतं. तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना वजन होतं.

२००६ साली टर्बाइननं हा खेळ संगणकावर आणताना व्हान्सची ती गोळीची कल्पना काढून टाकली. त्याऐवजी स्पेल पॉइंट आणले. टाकीत पाणी असावं तसे. आता विझर्डनंही तयार ठेवलेला कुठलाही मंत्र, टाकी रिकामी होईपर्यंत, हवा तितक्या वेळा म्हणावा. खेळायला हे फारच सोयीचं झालं, यात वाद नाही. पण ज्या अडचणीचं उत्तर म्हणून सॉर्सरर जन्मला होता, ती अडचणच गेली! मग सॉर्सररचं काय करायचं? त्याला मोठी टाकी दिली आणि मंत्र झरझर फेकण्याचा वेग दिला. म्हणजे लवचीकता काढून घेतली आणि बदल्यात जोर दिला.

माझ्या मते इथे घसरण झाली. लवचीकता आणि रुंदी हे दोन वेगळ्या जातीचे गुण होते, त्यांची तुलना करायला विचार लागायचा. जोर मात्र आकड्यात मोजता येतो. म्हणून मग सगळी चर्चा आकड्यांवर आली: सेकंदाला किती नुकसान, किती पॉइंट उरले. 'दोघांत ताकदवान कोण?' हा प्रश्न खेळाडूंनी शोधलेला नाही, तो रचनेनं त्यांच्या तोंडी घातला आहे.

टेबलावरही पुढे तेच झालं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विझर्डला तयार मंत्र मनमानी वापरण्याची मुभा मिळाली, आणि विसाव्या पातळीच्या सॉर्सररला मंत्र उरले पंधरा. विझर्डच्या पोथीत फुकटचेच ४४. कोटा दोघांचा सारखा. सॉर्सररची भरपाई म्हणून, मंत्राला मुरड घालण्याची जी कला पूर्वी कुणाही जादूगाराला शिकता यायची, ती आता त्याच्या एकट्याच्या नावावर केली. वाटणीत भावाला कमी जमीन आली म्हणून विहीर त्याच्या नावे करावी, तसा प्रकार. (हशा) ही भरपाई निदान वेगळ्या जातीची आहे, म्हणून मला ती टाकीपेक्षा बरी वाटते.

'ताकदवान कोण' या प्रश्नाबद्दल एक छोटी कसोटी सांगतो. रूथ चँग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी मांडलेला मुद्दा आहे. दोन पर्याय खरोखर समसमान असतील, तर एकाला थोडंसं झुकतं माप दिल्यावर पारडं खाली गेलं पाहिजे. आता ज्याचं मन विझर्ड की सॉर्सरर असं अडलंय, त्याला विचारा: सॉर्सररला आणखी एक मंत्र दिला तर घेशील? तो म्हणतो, तरीही कळत नाही. म्हणजे ते समसमान नव्हतेच. एक वरचढ आहे असंही नाही. त्या म्हणतात, हे नातंच चौथं आहे, आणि इथे पारड्यात आणखी वजन टाकून काही होत नाही. मी कुठल्या प्रकारचा माणूस व्हायला तयार आहे, ते तिथे ठरवावं लागतं.

आपल्या मीमांसकांनी याच्या जवळची गोष्ट केव्हाच हाताळली आहे. यज्ञाला भात घ्यावा किंवा जव घ्यावेत, असा विकल्प येतो. दोन्ही विधानं वेदाचीच, दोन्ही प्रमाण. मीमांसक म्हणतात, विकल्प शक्यतो मानूच नये, त्यात आठ दोष आहेत. ते आठ इथे मोजत बसत नाही. गाभा असा, की भात घेतलात की जवाचं विधान, कारण नसताना, तेवढ्यापुरतं निकामी करता. उद्या जव घेतलेत की आज निकामी केलेलं पुन्हा जिवंत करता आणि भाताचं मारता. म्हणून त्यांचा प्रयत्न असतो विकल्पाची व्यवस्था लावण्याचा: अमक्यानं हे घ्यावं, तमक्यानं ते. याला शास्त्रात 'व्यवस्थित विकल्प' असंच नाव आहे, आणि मराठी कानाला ते फारच व्यवस्थित वाटतं.

अनुभवी खेळाडूंचा सल्लाही व्यवस्थित विकल्पच असतो. एकटे खेळणार असाल तर विझर्ड, कारण कधी कुलूप उघडायला नॉक लागेल, कधी पाण्याखाली जावं लागेल. ठरलेल्या टोळीबरोबर खेळणार असाल तर सॉर्सरर, बाकीच्या गरजा दुसरे भागवतील. हा सल्ला चांगला आहे. पण यात एक गोष्ट सुटते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: जबाबदारी.

समजा, टोळी भुयारात उतरली आहे आणि पुढे पाण्यानं भरलेला लांबलचक बोगदा आहे. कुणीतरी विचारतं, वॉटर ब्रीदिंग आहे का? सॉर्सरर म्हणतो, 'नाही, मी तो घेतलेला नाही.' कोणी रागावत नाही. त्याचा नकार कित्येक दिवसांपूर्वीच दिलेला आहे, आणि सगळ्यांना तो मान्य आहे. विझर्डला हे म्हणता येत नाही. त्याच्या पोथीत नसेल तर 'गुंडाळी का नाही घेतलीस?' पोथीत असेल पण तयार नसेल तर 'मागच्या श्राइनपाशी काय करत होतास?' ज्याला सगळं येऊ शकतं, त्याचं प्रत्येक 'नाही' हा हलगर्जीपणा ठरतो. विझर्ड घेणारा माणूस मंत्रांची रुंदी मागतो, पण त्याबरोबर हे ओझंही त्याच्या खांद्यावर येतं, आणि पात्र निवडायच्या पडद्यावर ते कुठेही लिहिलेलं नाही. बुद्धी, पॉइंट, मंत्र, सगळ्यांचे आकडे आहेत. याचा नाही. एकट्यानं खेळायच्या खेळात हा फरक उरतच नाही, तो ऑनलाइन खेळातच जन्मतो. सोबत पाच जिवंत माणसं आहेत म्हणून.

आणि म्हणूनच निवड परत घेता येते की नाही, हा प्रश्न गंभीर आहे. या खेळात पुनर्जन्माची सोय आहे. थट्टा नाही, 'रीइन्कार्नेशन' हाच शब्द आहे. एक पूर्ण पुनर्जन्म, ज्यात पहिल्या पातळीपासून सुरुवात करायची, आणि मागल्या जन्मात जो क्लास होता त्याचा छोटासा गुण पुढच्या जन्मात बरोबर येतो. मागल्या जन्मी विझर्ड होतात, या जन्मी सॉर्सरर झालात, तर थोडी पोथी रक्तात राहते. संचित म्हणजे आणखी काय हो? हे मला आवडतं, कारण यात किंमत श्रमानं मोजलेली आहे. दुसरा मात्र 'लेसर', धाकटा पुनर्जन्म. त्यात पातळी तशीच राहते आणि मंत्र वगैरे नव्यानं निवडता येतात. त्यासाठी लागणारी वस्तू खेळाच्या दुकानात विकत मिळते. म्हणजे सॉर्सररचं जे एकमेव शील होतं, घेतलेल्या मंत्राशी राहणं, त्यातून सुटकाच विक्रीला ठेवली. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तर तळावर विदर्स नावाचा एक सांगाडा उभा असतो, त्याला शंभर सोन्याची नाणी दिली की क्लासच बदलून मिळतो. तिथे निदान नाणी खेळातलीच आहेत.

यज्ञात भात घेऊन सुरुवात केली आणि मध्येच भात नासला, तर काय करायचं? मीमांसक म्हणतात, भाताशी मिळतंजुळतं नीवार, म्हणजे रानटी भात घ्या. जव आधी विकल्पात होते म्हणून आता त्यांच्याकडे वळायचं नाही. एकदा भात म्हटलात की उणीवही भाताच्याच दिशेनं भरून काढायची. मला सॉर्सरर असाच खेळावासा वाटतो. पाण्याखालचा मंत्र नाही, तर तशी अंगठी शोधा, सोबत्याकडे मागा, दुसरी वाट बघा. आपल्या चौतीस मंत्रांतून जग बघा. दुकानात जाऊन जव आणू नका.

वेळ होत आलाय. एक चिठ्ठी आली आहे: 'सर, एवढं ऐकल्यावर नवख्यानं नक्की काय घ्यावं, ते सांगा.' सांगतो. आधी विझर्ड घ्या, आणि वाटेत मिळेल ती गुंडाळी उतरवून घ्या, पैशांकडे बघू नका. सात-आठ पातळ्यांनंतर थांबून बघा, तुम्ही दर श्राइनपाशी मंत्र खरंच बदलता का. बदलत असाल तर तसेच पुढे जा. महिनाभर तेच सहा-सात मंत्र लावून फिरत असाल, तर तुम्ही मनानं सॉर्सरर झालाच आहात. नवं पात्र काढा आणि तेच मंत्र क्रमानं घ्या. कुठली श्रेणी आधी, कुठला मंत्र सोडायचा, हे तोवर तुम्हाला कळलेलं असेल. मी सध्या विझर्ड आहे. वॉटर ब्रीदिंग तयार ठेवलेला आहे. पुढची चिठ्ठी घेऊ.